सह्याद्रीचे पाणी आकाशातून: भूदृश्यांचा हवाई माहितीपट कसा करावा

वरून पाहिलेली कोणतीही जमीन पहिली तीन-चार मिनिटे सुंदरच दिसते, आणि हवाई माहितीपटाची खरी अडचण तिथूनच सुरू होते. पाचव्या मिनिटाला प्रेक्षकाच्या मनात हे नेमके काय आहे, केवढे आहे आणि आपल्याला का दाखवले जात आहे, असे प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरे चित्रातूनच मिळाली नाहीत, तर कितीही देखणे फुटेज असले तरी तो लांबलेला जाहिरातपट वाटू लागतो. या लेखात ड्रोनच्या साहाय्याने महाराष्ट्रातील भूदृश्यांवर अर्ध्या तासाचा माहितीपट कसा करावा, याची पद्धत क्रमाने मांडली आहे. त्यामागची भूमिका एवढीच आहे की कॅमेरा किती उंचीवर न्यायचा हे यंत्राची क्षमता पाहून नव्हे, तर काय दाखवायचे आहे ते पाहून ठरवावे, आणि हा निर्णय जमिनीवर, नकाशासमोर बसून घ्यावा.

विषय: सगळा महाराष्ट्र नको, एक रेघ पुरे

‘आकाशातून महाराष्ट्र’ हा विषय नाही, ती यादी आहे. लोणार, कास, रायगड, ताडोबा आणि अजिंठा एकामागोमाग एक दाखवल्याने या भूमीची जडणघडण कळत नाही. त्याऐवजी नकाशावर एक रेघ ओढावी आणि तिच्याशी प्रामाणिक राहावे. या लेखापुरती आपण पाण्याची रेघ घेऊ. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटेकरी आहेत. पश्चिमेकडे उतरणारी सावित्री पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते, तर त्याच माथ्यावरून पूर्वेला निघणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर वर्ष काढावे लागते. खाडी, कोकणातली खोरी, उभा कडा, घाटमाथा, कृष्णेचे हिरवे खोरे आणि अखेरीस माणदेशाचे उघडे माळ हा क्रमच मुळात गोष्ट आहे, आणि ती वरूनच नीट दिसते.

एकदा रेघ ठरली की तिच्याबाहेरचे सुंदर ठिकाण वाटेत लागले तरी सोडून द्यावे. हे बोलायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, विशेषतः बॅटरी भरलेली असते आणि आकाश निळे असते तेव्हा.

नकाशावरचे काम

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे २०१७ पासून भारतीय नागरिकांना संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांतील समोच्च रेषांमधले, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर २० मीटर असते. या रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा आहे आणि जिथे त्या विरळ होतात तिथे सडा (सपाट खडकाळ पठार) किंवा माळ आहे, हे उपग्रहचित्रापेक्षा या नकाशावर लवकर उमगते. इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ आणि गुगल अर्थ यांचा उपयोग दुसऱ्या कामासाठी करावा: रस्ता कुठवर जातो, उड्डाणासाठी मोकळी जागा कुठे आहे, वीजवाहिन्या कुठून गेल्या आहेत आणि ठरावीक दिवशी ठरावीक वेळी सावली कोणत्या बाजूला पडेल, हे त्यांवर आधीच पाहता येते.

प्रत्येक ठिकाणासाठी एक पान तयार करावे. त्यावर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, उड्डाणाची जागा, दिशा, हंगाम, दिवसाची वेळ आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘या शॉटमधून काय कळले पाहिजे’ हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर तो शॉट घेऊ नये.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो उरकल्याशिवाय एकही पंखा फिरवू नये. भारतात ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ गणला जातो. माहितीपटासाठी वापरले जाणारे बहुतेक ड्रोन मायक्रो गटात येतात. ड्रोनला ओळख क्रमांक हवा आणि नॅनोखेरीज इतरांना त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही हवा. मायक्रो ड्रोन बिगरव्यावसायिक कामासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण माहितीपट कोणी पैसे देऊन करून घेत असेल किंवा पुढे तो विकायचा असेल तर काम व्यावसायिक ठरते, तेव्हा प्रमाणपत्र असलेलाच चालक नेमावा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे, त्यामुळे ड्रोन भाड्याने घेताना त्याची नोंदणी आणि विमा स्वतः पाहून घ्यावा, नुसत्या ‘सगळं आहे, साहेब’वर विसंबू नये.

आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केलेले आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, तर ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होतो आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हे नकाशे बदलत राहतात, म्हणून ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा ठिकाण निवडताना एकदा आणि उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहावा.

आकाश हिरवे असले म्हणून खालची जमीन मोकळी असतेच असे नाही. अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी लागते, संरक्षित किल्ल्यांवर व लेण्यांवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्याचे पुरातत्त्व संचालनालय यांची, आणि धरणांवर जलसंपदा विभागाची. पोलिसांचे स्थानिक मनाई आदेशही असतात. याखेरीज गावच्या सरपंचांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आदल्या दिवशी कळवून ठेवावे. डोक्यावर अचानक घरघर सुरू झाली की गावकऱ्यांना संशय येतो आणि तो रास्तच असतो. अर्ज आणि उड्डाण यांच्यात काही आठवड्यांचे अंतर ठेवले नाही, तर हंगाम हातचा जातो.

उंचीचे गणित

बहुतेक ड्रोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात सुमारे २४ मिमीची असते. अशा लेन्सचा कॅमेरा सरळ खाली रोखला असता चौकटीत जमिनीची जी रुंदी मावते ती उंचीच्या दीडपट असते. १२० मीटरवरून १८० मीटर रुंदीची जमीन दिसते, ४० मीटरवरून ६० मीटरची आणि २० मीटरवरून ३० मीटरची. १६:९ या पडद्यावर चौकटीची उभी बाजू उंचीच्या साधारण ०.८४ पट भरते, म्हणजे १२० मीटरवरून सुमारे १०० मीटर. एवढे एक सूत्र पाठ असले की ठिकाणी जाण्यापूर्वीच अर्धे निर्णय होतात.

आपल्या रेघेवर नसलेली, पण हे गणित चटकन पटवणारी दोन उदाहरणे घेऊ. रत्नागिरी-राजापूरच्या कातळसड्यांवरची कातळशिल्पे मुळात वरून पाहण्याजोगी आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. तो १२० मीटरवरून टिपला तर पडद्याच्या जेमतेम दहाव्या भागात मावेल आणि प्रेक्षकाला काळ्या-तांबूस जमिनीवरचा ओरखडा वाटेल. २० मीटरवर उतरले की तोच हत्ती अर्ध्याहून अधिक चौकट व्यापतो आणि त्याच्या पोटातल्या इतर प्राण्यांच्या आकृतीही वाचता येऊ लागतात. म्हणजे इथे ‘उंच जा’ हा सल्ला चुकीचा आहे. प्रकाशाचेही तसेच आहे: रेषा उथळ असल्याने भर दुपारी त्या नाहीशा होतात आणि सूर्य क्षितिजालगत असताना त्यांच्या कडांची सावली पडून उठून दिसतात.

उलट टोकाचे उदाहरण लोणारचे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तो संपूर्ण गोल सरळ वरून एका चौकटीत बसवायचा असेल तर चौकटीच्या उभ्या बाजूच्या हिशेबाने दोन किलोमीटरहून अधिक उंची लागेल, आणि ते साध्या ड्रोनचे काम नव्हे. तिरक्या कोनातून घ्यायचे म्हटले तरी काठावर उभे राहून विवराची पूर्ण रुंदी मावत नाही. काठापासून काहीशे मीटर मागे सरकावे लागते, आणि तेवढे मागे गेले की १२० मीटरच्या मर्यादेत तळ्याची जवळची बाजू काठाआड दडते. उपग्रहाचे चित्र वापरावे तर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा एक बिंदू १० मीटरचा असतो, म्हणजे अख्खे विवर आडवे १८० बिंदूंत संपते आणि ४के पडद्यावर ते धूसर ठिपक्यासारखे दिसते. अशा वेळी अधिक उंचीची रीतसर परवानगी मागणे किंवा एकाच जागेवरून शेजारशेजारच्या चौकटी घेऊन त्या जोडणे, एवढेच पर्याय उरतात. लोणार हे अभयारण्यही आहे, तेव्हा वनविभागाची परवानगी याही पलीकडची.

वेगही उंचीशी बांधलेला असतो. १२० मीटरवरून सरळ खाली पाहत सेकंदाला १० मीटर वेगाने गेले तर एखादे घर चौकटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दहा सेकंदांत जाते आणि डोळ्यांना ते सुखद वाटते. तोच वेग २० मीटर उंचीवर ठेवला तर तेच घर दोन सेकंदांत निघून जाईल. तिथे सेकंदाला पावणेदोन मीटर पुरेत. नवशिक्या चालकांचे बहुतेक फुटेज याच कारणाने वाया जाते. खाली उतरताना ते वेग उतरवायला विसरतात.

कड्यावरची फसगत

सह्याद्रीसाठी एक स्वतंत्र इशारा द्यायला हवा. ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नव्हे. महाबळेश्वरच्या पश्चिमेच्या कड्यावरून ड्रोन ५० मीटर वर घेतला आणि सरळ कोकणाच्या बाजूला नेला, की पडदा ५० मीटरच दाखवत राहतो, पण खालची जमीन शेकडो मीटर खाली गेलेली असते. नियमातली मर्यादा जमिनीपासूनची आहे, त्यामुळे चालकाच्या नकळत ती ओलांडली जाते. खोऱ्यातून उडवून माथ्याकडे नेताना नेमके उलट घडते: पडदा १०० मीटर म्हणतो आणि समोर कातळ येतो. म्हणून कड्याचा शॉट घेताना ड्रोन माथ्यावरच ठेवून कॅमेरा खाली झुकवावा, किंवा खालच्या बाजूने घ्यायचा असेल तर पायथ्यापासून उडवून मर्यादेत राहावे आणि कड्याची भव्यता अंतरावरून दाखवावी. दुसरी रीत मला अधिक पटते, कारण कडा खालून वर चढत गेला की बेसॉल्टचे थर एकावर एक उलगडत जातात. हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांचे आहेत आणि घाटाचे पायऱ्यांसारखे रूप त्यांच्यामुळेच आलेले आहे, हे निवेदनात एका वाक्यात सांगितले तरी पुरते.

कड्यावर वाऱ्याचा झोत खालून वर येतो आणि धारेच्या पलीकडच्या बाजूला हवा खळबळते. ड्रोन तिथे झपाट्याने खाली खेचला जाऊ शकतो, म्हणून धारेच्या अगदी जवळून जाऊ नये. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरावे, आणि परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध असेल तर ४० टक्क्यांवरच. घारी जवळ येऊ लागल्या की त्यांच्याशी स्पर्धा न करता उड्डाण थांबवावे. गिधाडांच्या वसाहतींच्या आसपास तर ड्रोन काढूच नये.

हंगाम आणि प्रकाश

आपल्या रेघेसाठी एक हंगाम पुरत नाही. मुंबई-कोकणात मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे हवा धुतलेली असते, गवत हिरव्याकडून सोनेरीकडे झुकते आणि ओढे वाहते असतात. एकच फेरी शक्य असेल तर ती तेव्हाच करावी. मात्र एप्रिल-मेची फेरी टाळू नये. त्या काळात हवेत धुरकट पडदा असला तरी गवत गेलेल्या डोंगरांचा सांगाडा दिसतो, वाईजवळच्या धोम धरणाचे पाणी आत सरकलेले असते आणि माणमधल्या कोरड्या ओढ्यांवरचे बंधारे ठळक उठून येतात. पावसाळ्यातले सह्याद्रीचे ढग मोहात पाडतात, पण बहुतेक ड्रोन पाऊस सोसत नाहीत आणि ढगात शिरलेला ड्रोन नजरेआड जातो. दोन सरींमधल्या उघडिपीवर भिस्त ठेवून वेळापत्रक आखता येत नाही.

ऋतूंची तुलना दाखवायची असेल तर पहिल्या फेरीतच प्रत्येक शॉटचे अक्षांश-रेखांश, उंची, दिशा आणि कॅमेऱ्याचा झुकाव लिहून ठेवावा. ऑक्टोबरमधला भरलेला धोम आणि मे महिन्यातला उघडा पडलेला धोम एकाच चौकटीत बसले, तर निवेदकाला बोलावेही लागत नाही. चौकट थोडी जरी हलली तरी तो परिणाम हरवतो.

सह्याद्रीचा कोकणाकडचा कडा सकाळी सावलीत असतो. त्याच्यावर प्रकाश दुपारनंतर येतो, म्हणून सावित्रीच्या खोऱ्याकडचे शॉट सायंकाळी आणि कृष्णेच्या खोऱ्याकडचे सकाळी घ्यावेत. हिवाळ्यातल्या पहाटे वाई-पाचगणीच्या बाजूला खोऱ्यांत धुके साचते. ते सूर्योदयानंतर विरते, तेव्हा चालकाने उजाडण्यापूर्वीच जागेवर तयार असावे.

किनाऱ्यावर सूर्याइतकेच महत्त्व चंद्राला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पाणी जास्तीत जास्त वर येते आणि जास्तीत जास्त ओसरते, तर अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी ‘भांग’ म्हणतात, तेव्हा फरक कमी असतो. बाणकोटच्या खाडीचे मुख, वाळूचे दांडे आणि खारफुटीतल्या पाण्याच्या शिरा दाखवायच्या असतील तर उधाणाचा दिवस धरून एकच चौकट भरतीला आणि सव्वासहा तासांनी ओहोटीला टिपावी. वेसवी-बागमांडला फेरीबोट चौकटीत येईल अशी वेळ साधावी, कारण वरून पाहताना आकारमानाचा अंदाज हरवतो आणि माहीत असलेली एखादी वस्तू, मग ती फेरीबोट असो, लाल एसटी असो वा बैलजोडी, तो परत मिळवून देते.

कॅमेऱ्याची मांडणी

येथे फार खोलात जाण्याची गरज नाही. सेकंदाला २५ चौकटी, शटर १/५०, संवेदनशीलता (आयएसओ) १००, आणि रंगतापमान एका आकड्यावर स्थिर ठेवावे, कारण ते आपोआप बदलू दिले तर एकाच शॉटमध्ये गवताचा रंग फिरतो. भर उन्हात एफ/२.८ च्या लेन्सवर योग्य शटर सुमारे १/३२०० येते. ते १/५० पर्यंत आणायला प्रकाश ६४ पटींनी कमी करावा लागतो, म्हणजे एनडी-६४ फिल्टर. सकाळ-संध्याकाळी एनडी-८ किंवा १६ पुरतो. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी ड्रोन पाच सेकंद स्थिर ठेवला तर संकलकाला कापायला जागा मिळते. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाभराच्या चित्रणाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती काढाव्यात आणि त्या दोन्ही एकाच बॅगेत ठेवू नयेत.

जमिनीवरचा आवाज

ड्रोनला आवाज टिपता येत नाही. त्याचा स्वतःचा आवाज तेवढा मोठा असतो. त्यामुळे अनेक हवाई माहितीपटांत पहिल्यापासून शेवटपर्यंत सिंथेसायझर आणि बासरी वाजत राहते आणि खाडी, घाट, माळ सगळे सारखेच वाटू लागतात. उड्डाण आटोपल्यावर त्याच जागी रेकॉर्डर लावून दहा मिनिटांचा आवाज घ्यावा: फेरीबोटीचे इंजिन, घाटात गिअर बदलणारा ट्रक, उसाच्या फडातला वारा, माणदेशातल्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. संकलनात चित्राखाली हे आवाज आले की उंचीवरचे दृश्य पुन्हा जमिनीला टेकते.

त्या जमिनीवर माणसे राहतात, याचाही विचार आधी करावा. अंगणे, पाणवठे, नदीवर अंघोळ करणारे लोक यांच्यावरून कमी उंचीने जाऊ नये. महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. सावित्रीच्या खोऱ्याची गोष्ट सांगताना पाऊस, उतार आणि दरड यांचा संबंध सांगावाच लागतो, पण तिथले दृश्य पार्श्वसंगीतासह संथपणे फिरवून दाखवणे अशोभनीय ठरेल. गावकऱ्यांशी बोलून, त्यांची संमती घेऊन, दुरून आणि स्थिर असा एकच शॉट ठेवावा, किंवा त्यांची इच्छा नसेल तर नकाशावर ती जागा दाखवून पुढे जावे.

संकलन आणि निवेदन

पहिली जुळणी संगीताशिवाय आणि निवेदनाशिवाय करावी. बाणकोटपासून माणपर्यंतचा क्रम नुसत्या चित्रांतून समजतो का, हे महाबळेश्वर न पाहिलेल्या एखाद्या माणसाला बसवून तपासावे. जिथे तो ‘हे कुठे आलो आपण?’ असे विचारेल, तिथे नकाशा हवा आहे किंवा शॉटचा क्रम चुकला आहे. सलग तीन उंच शॉट आले की चौथा जमिनीलगतचा घ्यावा. एका दृश्याला सहा सेकंदांपेक्षा कमी वेळ दिला तर प्रेक्षक त्यात काही शोधू शकत नाही, आणि वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ दिला तर त्यात काहीतरी घडत असले पाहिजे: बोट खाडी ओलांडते, ढगाची सावली माळावरून सरकते, पाट सोडल्यावर पाणी सरीत शिरते. रंगसुधारणेत हिरवा रंग गडद करण्याचा मोह आवरावा, नाहीतर मे महिन्यातला माण आणि ऑक्टोबरमधली वाई यांच्यातला जो फरक दाखवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच पुसला जातो.

निवेदनाने चित्रात दिसणारी गोष्ट पुन्हा सांगू नये. ‘ही पाहा नागमोडी वाहणारी नदी’ या वाक्याला काही अर्थ नाही. पाणी या वळणाला का वळले, पलीकडच्या गावात ऊस आहे आणि अलीकडे ज्वारी का, धरणाच्या पाण्याखाली काय गेले, हे सांगावे. ठिकाणांची नावे पडद्यावर लिहिताना स्थलदर्शक नकाशावरचे नाव आणि गावकरी म्हणतात ते नाव दोन्ही ताडून पाहावे. ती अनेकदा जुळत नाहीत, आणि तेव्हा गावकऱ्यांचे नाव घ्यावे. अंतिम प्रत तयार होण्याआधी ती बाणकोटला किंवा वेसवीला, वाईत आणि माणमधल्या एखाद्या गावात दाखवावी. नावांतल्या, पिकांतल्या आणि ओढ्यांच्या दिशांतल्या चुका तिथे हाताशी लागतात, आणि त्या दुरुस्त करायला संकलनाच्या वेळापत्रकात एक पूर्ण आठवडा राखून ठेवावा.